‘एफ. मेंडेलसन’ म्हणजे नक्की कोण?

सिनेमात चर्चमधल्या लग्नाचा सीन असला, की शेवटी नवरा-नवरी हातात हात घालून बाहेर पडतात आणि मागे एक दणदणीत धून वाजते. नाव माहीत नसलं तरी ती तुम्ही ऐकलेली असणार. तिला ‘वेडिंग मार्च’ म्हणतात. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेलसन याने ती १८४२ मध्ये शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकासाठी लिहिली. पुढे ती नाटकातून बाहेर पडली आणि जगभरातल्या लग्नांमध्ये जाऊन बसली.

आता त्याच्याही तेरा वर्षं मागे चला. ३ ऑक्टोबर १८२९, बर्लिन. याच फेलिक्सच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. लग्नात ऑर्गनवर वाजवायला एक रचना करून देतो, असं त्याने तिला कबूल केलेलं. पण तो अडकला होता लंडनमध्ये. घोडागाडीच्या अपघातात त्याच्या पायाला दुखापत झाली होती. तो येऊ शकला नाही आणि त्याची रचनाही आली नाही. मग लग्नाच्या आदल्या रात्री, घरात पाहुण्यांची गडबड चालू असताना, नवरी स्वतःच कागद घेऊन बसली. मध्यरात्र उलटेपर्यंत तिने संगीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर ती चर्चमधून बाहेर पडली, ती स्वतःच्या संगीताच्या साथीने.

जगाच्या लग्नांना भावाची धून मिळाली. बहिणीने स्वतःच्या लग्नासाठी केलेलं संगीत मात्र दीडशेहून जास्त वर्षं जवळपास कुणाला माहीत नव्हतं. तिचं नाव फॅनी.

एक पियानो, दोन मुलं

फॅनीचा जन्म १४ नोव्हेंबर १८०५ चा, हँबर्गचा. फेलिक्स तिचा पाठचा भाऊ, सव्वातीन वर्षांनी लहान. त्याच्यामागे रिबेका आणि पाऊल. आजोबा मोझेस मेंडेलसन हे युरोपभर मान असलेले ज्यू तत्त्वचिंतक, तर वडील अब्राहम बँकर. १८११ मध्ये कुटुंब बर्लिनला आलं. पैशाला तोटा नव्हता, मुलांना शिकवायला उत्तमातले उत्तम शिक्षक घरी येत.

पियानोचे पहिले धडे आईने, लेआने दिले. लेकीची बोटं बघून तिने जन्मतःच हेरलं होतं म्हणे, की ही बाखचं संगीत वाजवायची बोटं आहेत. मग लुडविग बर्गर हे पियानोचे शिक्षक आले. संगीतरचना शिकवायला कार्ल फ्रीडरिश त्सेल्टर आले. बर्लिनच्या प्रसिद्ध सिंगअकादमीचे ते प्रमुख. दोन्ही मुलांना शिक्षक तेच, धडे तेच, गृहपाठही तोच. घरात कुणी फॅनीला कमी शिकवलं नाही, हे लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत त्याचं महत्त्व आहे.

तेरा वर्षांची असताना तिने वडिलांच्या वाढदिवसाला एक भेट दिली. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’ या ग्रंथातली चोवीसच्या चोवीस प्रेल्यूड्स तिने पाठ वाजवून दाखवली. पाश्चात्त्य संगीतात बारा स्वर आणि प्रत्येकावर मेजर व मायनर अशा दोन स्वरमाला, म्हणजे एकूण चोवीस. बाखने त्या प्रत्येकात एकेक रचना बांधलेली आहे. कागद समोर ठेवून वाजवतानाही मोठमोठ्यांची त्रेधा उडते, अशी ही गोष्ट. हिने ती समोर एकही कागद न ठेवता केली.

आणि मग वर्ष-दीड वर्षातच घरात एक रेघ ओढली गेली.

हौस म्हणून कर

१८२० च्या उन्हाळ्यात वडिलांनी तिला पत्र लिहिलं. पत्र रागाचं नव्हतं, चांगलं मायेचं होतं. त्याचा मतलब एवढाच, की फेलिक्सच्या बाबतीत संगीत कदाचित पोटापाण्याचा उद्योग होईल. तुझ्या बाबतीत तो दागिना आहे आणि दागिनाच राहील. फॅनी तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी त्सेल्टर गुरुजी आपल्या लाडक्या शिष्याला महाकवी गटेच्या भेटीला घेऊन गेले. तो शिष्य अर्थातच फेलिक्स. फॅनी घरी होती.

तुम्हाला वाटेल, बाप जुनाट होता. पण एवढ्यावर सोडून देऊ नका. या ज्यू कुटुंबाने १८१६ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा केला होता. आईवडिलांनी स्वतः १८२२ मध्ये धर्म बदलला आणि आडनावाला ‘बार्थोल्डी’ असं ख्रिस्ती वळणाचं शेपूट जोडलं. बर्लिनच्या बड्या समाजाने आपल्याला आपलं म्हणावं, यासाठीची ही सगळी धडपड. आणि त्या समाजात श्रीमंत घरातल्या बाईने नावानिशी संगीत छापणं, पैसे घेऊन वाजवणं म्हणजे घराची पत घालवणं. विरोधाभास बघा. त्याच काळात क्लारा वीक (पुढे क्लारा शूमान) ही मुलगी लहानपणापासून गावोगाव कार्यक्रम करत होती, कारण तिचे वडील पियानो शिकवून पोट भरणारे होते. ज्या घराला गरज होती, त्या घरच्या मुलीला स्टेज मिळालं. ज्या घरात सगळं होतं, त्या घरच्या मुलीला मिळाला दिवाणखाना.

हे फार लांबचं वाटतंय? ‘घरंदाज’ मुलीने गाणं शिकावं, पाहुणे आले की म्हणावंही, पण तिकीट लावून गाऊ नये, असं मानणारी पिढी आपल्याकडेही काही फार जुनी नाही.

फॅनीने बंड केलं नाही. तिने लिहिणं चालू ठेवलं.

राणीचं आवडतं गाणं

१८२७ च्या आसपास फेलिक्सचा बारा गाण्यांचा एक संग्रह छापला गेला, ओपस ८. पाठोपाठ १८३० मध्ये ओपस ९ आला. दोन्हींवर नाव त्याचंच. पण पहिल्यातली तीन गाणी आणि दुसऱ्यातली तीन गाणी फॅनीची होती. घरातल्यांना हे ठाऊक होतं. बाहेर बहुतेकांना नव्हतं.

आता १८४२ चा जुलै. फेलिक्स युरोपातला मोठा माणूस झालेला. बकिंगहॅम पॅलेसमध्ये राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्याकडे तो गेला होता. राणीला त्याची गाणी फार प्रिय. तिने त्याच्यासमोर एक गाऊन दाखवायचं ठरवलं आणि ओपस ८ मधून नेमकं निवडलं ‘इटालियन’, म्हणजे इटली. ती गायली, छान गायली. आणि फेलिक्सला कबूल करावं लागलं, की हे माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे. मग त्याने राणीला विनंती केली, आता खरोखर माझं असलेलंही एक गा.

हा प्रसंग त्याने स्वतः घरी पत्रातून कळवला. म्हणजे त्याने लपवलं नाही, हेही खरं. पण इंग्लंडच्या राणीने आवडीने निवडलेल्या गाण्यावर ते लिहिणारीचं नाव नव्हतं, हेही तितकंच खरं.

रविवारचं राज्य

फॅनीचा नवरा विल्हेल्म हेन्झेल चित्रकार होता. लग्नाआधी राजाच्या शिष्यवृत्तीवर तो पाच वर्षं रोमला होता. त्या काळात त्या दोघांनी एकमेकांना पत्रं लिहायची नाहीत, असा फॅनीच्या आईचा हुकूम. पठ्ठ्याने शब्दांऐवजी चित्रं पाठवली. लग्नानंतर फॅनीने लिहावं आणि छापावंही, असं सतत म्हणणारा घरातला माणूस तोच. १८३० मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव तिने ठेवलं सेबास्टियन लुडविग फेलिक्स. बाख, बेथोव्हेन आणि भाऊ, तिघे एकाच नावात.

बर्लिनच्या लाइपझिगर स्ट्रासवरचं तीन नंबरचं घर म्हणजे मेंडेलसनांचा प्रशस्त वाडा. मागे मोठी बाग आणि बागेकडे उघडणारा एक हॉल. १८३१ पासून फॅनीने तिथे रविवारच्या मैफली स्वतःच्या हातात घेतल्या. कार्यक्रम ती ठरवायची, गायकांचा संच ती बसवायची, पियानोवर ती बसायची. गरज पडली की वाद्यवृंदासमोर उभी राहून संचालनही करायची. त्या वर्षी बर्लिनमध्ये कॉलऱ्याने माणसं गेली. त्यावर तिने गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी एक मोठी रचना लिहिली आणि इथेच सादर केली. या हॉलमध्ये पुढे फ्रान्झ लिस्टसारखे कलावंत येऊन बसले.

तिकीट नाही. पेपरात परीक्षण नाही. कायद्याने बघाल तर हे घरातलं गाणंबजावणं. दर्जाने बघाल तर बर्लिनमधल्या उत्तम मैफलींपैकी एक. घरच्यांनी जेवढी जागा दिली होती, तेवढ्यात तिने एक अख्खी संस्था उभी केली. घराबाहेर, चारचौघांत तिने पियानो वाजवल्याची नोंद एकच आहे. १८३८ मधला मदतनिधीचा कार्यक्रम. त्यात तिने वाजवला भावाचा कॉन्चेर्तो.

भाऊ नाही का म्हणाला?

१८३५ मध्ये वडील गेले. आता तरी? १८३७ मध्ये आईनेच फेलिक्सला पत्र लिहिलं, की फॅनीला रचना छापायला तू उत्तेजन दे. फेलिक्सने नकार दिला. तिने स्वतःहून ठरवलं तर मी लागेल ती मदत करीन, पण तिला भरीस घालणार नाही, असा त्याचा पवित्रा होता. ती आई आहे, गृहिणी आहे, तिला लेखकासारखं बाजारात उभं राहण्याची आवड नाही आणि गरजही नाही, असं त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं.

इथे गोष्ट अवघड होते, कारण फेलिक्स खलनायक नाही. नवीन रचना झाली की तो आधी फॅनीला दाखवायचा. ती खोडायची, सुचवायची, तो ऐकायचा. तिच्या कानावर त्याचा जितका विश्वास, तितका क्वचितच कुणावर असेल. तिची एखादी रचना आवडली तर मनापासून दाद द्यायचा. त्याच वर्षी एका संग्रहात तिचं एक गाणं तिच्या नावाने छापलं गेलं, ते त्याने लाइपझिगच्या कार्यक्रमात घेतलं आणि कौतुकही केलं. फक्त, स्वतःच्या नावाचं पुस्तक काढ, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

दुष्ट माणसाशी भांडता येतं. ज्याच्यावर जीव आहे, ज्याचा आपल्यावर जीव आहे, त्याच्या गोड नकाराशी कसं भांडायचं? फॅनीची अडचण ही होती. तिची हुशारी कुणाला दिसली नाही असं झालंच नाही. ती सगळ्यांना दिसत होती. सगळ्यांना ती घरातच हवी होती, एवढंच.

या काळात तिने लिहिलेलं बघितलं तर तिला स्वतःवरच शंका यायला लागली होती. कुणी ऐकायला नाही, कुणी मागत नाही, मग लिहायचं कशाला?

बारा महिने, बारा रंग

१८३९ मध्ये विल्हेल्म आणि मुलाबरोबर ती इटलीला निघाली. ज्या देशावर तिने तरुणपणी गाणं केलं होतं आणि जो देश भावाने कधीच बघून घेतला होता, तो तिने आता चौतिशीच्या उंबरठ्यावर पाहिला. रोममध्ये तरुण फ्रेंच कलावंतांचा एक गट तिच्याभोवती जमला. त्यात पुढे मोठा संगीतकार झालेला शार्ल गुनो होता. ती बाख आणि बेथोव्हेन वाजवायची आणि ही पोरं पुन्हा पुन्हा वाजवायला लावायची. इथे ती कुणाची बहीण नव्हती. तिच्या बोटांसाठी लोक येत होते.

परत आल्यावर १८४१ मध्ये तिने ‘दास यार’ लिहिलं, म्हणजे ‘वर्ष’. बारा महिन्यांच्या बारा पियानोरचना आणि शेवटी एक समारोप. तिने ती वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर सुबक उतरवली. विल्हेल्मने प्रत्येक महिन्याला एक छोटं चित्र काढलं, प्रत्येकासोबत कवितेच्या ओळी लिहिल्या. ती वही घरात राहिली. छापली गेली १९८९ मध्ये. १४८ वर्षांनी.

चाळिशीतला होकार

१८४६ मध्ये फॅनी चाळीस वर्षांची होती. बर्लिनमधल्या दोन प्रकाशकांनी तिच्याकडे रचना मागितल्या. विल्हेल्म तर वर्षानुवर्षं मागे लागलेलाच होता. या वेळी तिने हो म्हटलं. मग जुलैमध्ये फेलिक्सला पत्र लिहून कळवलं. चौदाव्या वर्षी वडिलांचा जसा धाक वाटायचा, तसा या वयात भावांचा वाटतो, असं तिने त्यात मोकळेपणाने सांगून टाकलं. पण हे पत्र परवानगी मागणारं नव्हतं. निर्णय झाला होता, ती तो सांगत होती.

फेलिक्सचं उत्तर यायला महिना लागला. ऑगस्टमध्ये ते आलं. व्यावसायिक बंधूंच्या जमातीत तुझं स्वागत, अशा थाटाचा आशीर्वाद त्यात होता. तिने तो जपून ठेवला.

ओपस १ बाहेर पडलं. सहा गाणी, मुखपृष्ठावर फॅनी हेन्झेल. मग २, ३, आणि वर्षभराच्या आतच ७ पर्यंत. हात असे सुटले होते, जणू धरण फुटलं. १८४७ च्या एप्रिलमध्ये धाकट्या बहिणीच्या, रिबेकाच्या वाढदिवसाला तिने नवा पियानो ट्रिओ वाजवला. आज तो तिच्या सर्वोत्तम कामांत गणला जातो.

१४ मे १८४७. रविवारच्या मैफलीची तालीम चालू होती. रचना होती फेलिक्सची. पियानोवर वाजवता वाजवता फॅनीची बोटं बधिर झाली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच रात्री ती गेली. वय ४१. आदल्या दिवशी तिने एक नवं गाणं लिहून पुरं केलं होतं.

बातमी कळली तेव्हा फेलिक्स किंकाळी फोडून कोसळला. त्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये बसून त्याने एफ मायनरमधला स्ट्रिंग क्वार्टेट लिहिला. त्याच्या एरवीच्या सुबक, संयत संगीतात न बसणारा, ओरबाडणारा. बहिणीच्या अप्रकाशित रचना छापण्याच्या हालचाली त्यानेच सुरू केल्या. ४ नोव्हेंबर १८४७ रोजी तोही गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी. बर्लिनच्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत.

१८५० मध्ये आणखी चार ओपस निघाले. मग शांतता. साडेचारशेच्या वर रचना, त्यातली निम्म्याहून अधिक गाणी, पेट्यांमध्ये आणि ग्रंथालयाच्या कपाटांमध्ये पडून राहिल्या. तिच्या मुलाने, सेबास्टियनने १८७९ मध्ये घराण्याचा इतिहास लिहिला, म्हणून ती निदान फेलिक्सची हुशार बहीण म्हणून तरी लोकांच्या लक्षात राहिली.

आद्याक्षराची भानगड

शेवटची गोष्ट तर एखाद्या डिटेक्टिव्ह कथेसारखी आहे. १८२८ मध्ये, बाविशीत, फॅनीने पियानोसाठी एक ‘ईस्टर सोनाटा’ लिहिला होता. तिच्या पत्रांमध्ये त्याचा उल्लेख आहे, पण हस्तलिखित गायब. १९७० च्या सुमारास पॅरिसमध्ये एक हस्तलिखित सापडलं. लेखक ‘एफ. मेंडेलसन’. जगाने बघितलं आणि म्हटलं, अर्थात फेलिक्स! एवढी दमदार रचना आणखी कुणाची असणार? १९७२ मध्ये फेलिक्सच्या नावाने त्याची रेकॉर्डही निघाली.

२०१० मध्ये अँजेला मेस या अमेरिकन संशोधक विद्यार्थिनीने ते हस्तलिखित प्रत्यक्ष तपासलं. अक्षर फॅनीचं होतं. पानांचे आकडे फॅनीच्या एका वहीतून निघालेल्या पानांच्या जागी बरोब्बर बसत होते. ८ मार्च २०१७ ला, महिला दिनी, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये तो सोनाटा फॅनीच्या नावाने सादर झाला. लिहिल्यानंतर १८९ वर्षांनी.

लाइपझिगर स्ट्रास ३ इथला तो वाडा आता नाही. त्या जागेवरच्या इमारतीत आज जर्मनीच्या संसदेचं वरिष्ठ सभागृह भरतं. बागेतला हॉलही गेला. वह्या तेवढ्या राहिल्या, आणि त्या राहिल्या, कारण कुणी छापणार नाही हे माहीत असूनही एक बाई पंचवीस वर्षं नेटाने लिहीत होती, तारीख घालत होती, नीट बांधून ठेवत होती. तिने होकाराची वाट बघितली, पण वाट बघत हात बांधून बसली नाही. आणि होकार शेवटी तिचा तिनेच दिला. वाईट एवढंच वाटतं, की त्यानंतर तिच्या वाट्याला वर्षसुद्धा आलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये गाण्याची चाल रेकॉर्ड केलेली असेल, कुणाच्या वहीत चित्रं असतील. हौस म्हणून कर, असं प्रेमाने सांगणारंही घरात कुणीतरी असेल. त्यांच्याशी काय बोलायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. आज फक्त कानाला हेडफोन लावा आणि ‘दास यार’मधला ‘सप्टेंबर’ ऐका. तीनेक मिनिटांचा आहे, नदीकाठचा आहे, खाली पाणी वाहत राहतं आणि मधून एक उदास चाल पुढे जाते. शोधताना मात्र नाव पूर्ण टाइप करा, फॅनी मेंडेलसन हेन्झेल. नुसतं ‘एफ.’ टाकलंत, तर भाऊच सापडेल.